‘काही नको, साधंच कर’

ऑक्टोबर लागला की पुरवण्यांमधून आणि मोबाईलवरून शरद ऋतूच्या पाककृती यायला लागतात. सोप्या, झटपट, पौष्टिक आणि सगळ्या घरासाठी. भोपळ्याचं सूप, त्यावर क्रीमची रेघ. ओव्हनमध्ये भाजलेलं रताळं. ऑलिव्हचं तेल दोन चमचे. वर एक ओळ ठरलेली असते: हवेत आता गारवा आला आहे, तेव्हा गरमागरम काहीतरी हवंच. ही ओळ मी मोहोळमध्ये वाचते तेव्हा दुपारी पारा 35 अंशांच्या आसपास असतो, ओट्याजवळ उभं राहवत नाही आणि आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदरानं वारा घेत उंबऱ्यात बसलेल्या असतात. माझी पहिली तक्रार ही आहे. ज्यांनी कृती लिहिली त्यांनी बाहेरचं ऊन पाहिलेलं नाही.

आमच्याकडे आश्विन असाच असतो. सोलापूर जिल्ह्यात पावसाचा जोर बहुतेक वर्षी सप्टेंबरात असतो, आणि तो ओसरला की लगेच ऊन चटके द्यायला लागतं. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद पडला, नदीकाठच्या गावांचं उभं पीक गेलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच रानात उन्हानं डोळे दिपत होते. अशा दिवसांत पोट बिघडतं, तोंड येतं, डोकं चढतं. शरदात पित्त वाढतं असं आयुर्वेदात सांगितलं आहे; कडू, तुरट, गोड खावं आणि तेल, दही, तिखट हात राखून वापरावं असा जुना सल्ला आहे. कारलं, पडवळ, मूग, आवळा, जरा तूप. ही यादी मोहोळच्या आठवडी बाजारात एका फेरीत पुरी होते. या यादीवर लिहिलेली ‘शरद विशेष’ पाककृती मात्र मला क्वचितच दिसते.

भोपळ्यावर माझा राग नाही. डांगर आमच्याकडेही या दिवसांत चांगलं मिळतं. चार मेथीदाणे फोडणीत टाकायचे, फोडी सालासकट घालायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं, शेवटी गुळाचा खडा आणि दाण्याचं कूट. तेल एक चमचा पुरतं. वेळ सूपापेक्षा कमी लागतो आणि मिक्सर धुवावा लागत नाही.

मिक्सर धुण्याचा वेळ कुठल्याच कृतीत धरलेला नसतो, म्हणून आता वेळेबद्दल बोलते. ‘पालेभाजी, 10 मिनिटं’ असं छापलेलं असतं. तांदुळजाची जुडी घरी आली की आधी दोरा सोडायचा, मातीची मुळं तोडायची, जून देठ बाजूला काढायचे, पिवळी पानं टाकायची, पानामागची अळी बघायची. मग मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पाला बुडवायचा, वर काढायचा, तळाशी बसलेला गाळ फेकायचा. पाऊस झालेल्या आठवड्यात हे तीनदा करावं लागतं, कारण पानाच्या बेचक्यात रेती अडकून बसते आणि एक कण राहिला तरी जेवताना सगळ्यांची तोंडं थांबतात. धुऊन मग चिरायचं. आधी चिरून मग धुतलं तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. हे सगळं झाल्यावर भाजी फोडणीला पडते आणि तिथून पुढे खरोखरच 10 मिनिटं लागतात. छापणाऱ्यांनी तेवढीच मोजली. निवडणं ज्याच्या वाट्याला कधी आलं नाही त्यानंच हे घड्याळ लावलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

देशात 2019 साली वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं. घरातल्यांसाठीची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97. हा आकडा फक्त अशी कामं करणाऱ्यांचा आहे, आणि करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जेमतेम चौथा हिस्सा. ‘झटपट’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं न मोजलेलं काम या 299 मिनिटांत असतं.

आता ज्वारीकडे येते, कारण मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ती आहे.

रब्बी ज्वारीची मालदांडी 35-1 ही जात मोहोळची. इथल्या शेती संशोधन केंद्रात, इथल्याच गावरान मालदांडीतून निवड करत 1930 च्या दशकात ती पुढे आली. आजही नवं वाण काढलं की त्याची भाकरी आणि कडबा मालदांडीशी ताडून पाहतात. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला, ज्वारी मागे सरकली, हे खरं. तरी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तालुक्यात अजून पाभरी चालतात. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच तंतू असतो. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून दुकानांत ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीच्या शेवया आल्या. ज्यांना हवं त्यांनी खावं. मला एवढंच खटकतं की त्या सगळ्या गाजावाजात ताजी भाकरी सोपी व्हावी म्हणून कोणी काही केलं नाही.

भाकरीची खरी अडचण परातीत नसते, दळणात असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. उकळतं पाणी घालून पीठ मळलं की त्यातलं पिष्ट फुगतं आणि त्यानंच भाकरी धरून राहते. पीठ जुनं झालं की विरी जाते. भाकरी थापताना कडा चिरतात, उचलताना तुटते. पीठ कडवटही होतं, कारण ज्वारीच्या कोंबातला स्निग्धांश पिठात मोकळा होऊन खवट व्हायला लागतो. म्हणून आठवड्याचंच दळण आणायचं, उन्हाळ्यात त्याहून कमी. एवढी साधी गोष्ट. पण गिरणीत डबा ठेवला की ‘काकू, संध्याकाळी या’. संध्याकाळी गेलं की वीज नाही. वीज आली की आधीचे डबे. आणि नंबर लागला तेव्हा आपल्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात, त्यांचं पीठ चक्कीत राहिलेलं असतं आणि ते आपल्या ज्वारीत उतरतं. मी दर वेळी सांगते, ‘आधी मूठभर ज्वारी टाकून ते पीठ बाजूला काढा.’ दर वेळी ‘व्हय व्हय’ म्हणतात. दगडाला नवी टाकी लावली असेल तर पहिल्या दळणाला कचकच येते, आणि ते पहिलं दळण कोणाचं हे सांगायची पद्धत नाही. ज्या घरात गव्हाचं काही चालत नाही असं माणूस आहे, त्यांनी काय करायचं? गिरणीवाल्यानं आठवड्यातला एक दिवस फक्त ज्वारी-बाजरीला ठेवला तर अर्ध्या गावाचं काम सोपं होईल. यासाठी कुठलंही अभियान लागत नाही, फळ्यावर खडूनं एक ओळ लागते.

हे जमत नाही म्हणून मग बायका पिशवीतलं पीठ आणतात. पुढच्या बाजूला ज्वारी, बाजरी, नाचणीची कणसं छापलेली, मोठ्या अक्षरात ‘मल्टिग्रेन’. पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव जे असेल तेच पिशवीत सर्वांत जास्त. बहुतेक वेळा ते गहू असतं. मालदांडीच्या गावात उभं राहून ज्वारीचं चित्र असलेली गव्हाची पिशवी विकत घ्यावी लागते, आणि तिला दर ज्वारीपेक्षा जास्त मोजावा लागतो, याचा मला संताप येतो.

कडक भाकरीचंही तसंच. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे खरोखरीचं न शिजवता होणारं जेवण. पातळ थापून, विस्तवावर शेकून पार वाळवलेली, कितीतरी दिवस टिकते. शेंगाची चटणी, कांदा, काकडी, झालं. ज्या संध्याकाळी बाईला ताप आहे किंवा ती शेतातून उशिरा आली आहे, त्या संध्याकाळसाठी यापेक्षा चांगलं काही मला ठाऊक नाही. पण ती आता महामार्गावर मक्याच्या चिवड्याशेजारी, पाहुण्यांना न्यायची भेट म्हणून दिसते. घरात वाढली तर ‘आज भाकरी केली नाही का?’ असं विचारतात.

आता ते वाक्य, जे प्रत्येक घरात बोललं जातं. ‘अगं, काही नको, साधंच कर.’

साधं म्हणजे काय ते ऐका. साधं म्हणजे वरण-भात, भाकरी, एक पालेभाजी, एक आमटी, चटणी, चिरलेला कांदा आणि मुलांसाठी कमी तिखट. नवरात्र असेल तर घरात उपवासाची दोन माणसं आणि बिनउपवासाची तीन, म्हणजे दोन चुली. उपवासाला भगर. ओल्या दिवसांत भगरीला बुरशी पटकन धरते, तिचं सुटं पीठ आणू नका, भगर स्वच्छ निवडून-धुऊन वापरा, अशा सूचना अन्न व औषध प्रशासन नवरात्रात काढतं. त्या बरोबर आहेत आणि ते निवडणंही ‘साध्या’तच जमा होतं. आत्यांना साखरेचा त्रास, त्यांना भात नको. धाकट्याला भाजीत पान दिसलं की नको. थोरलीला शाळेच्या डब्यातली भाकरी दुपारी ताठ झालेली आवडत नाही. यात तिचं खोटं नाही, थंड झाल्यावर ज्वारीचं पिष्ट पुन्हा घट्ट होतंच. तिच्यासाठी त्याच पिठाचं थालीपीठ, किसलेला दुधी घालून. म्हणजे साधंच, पण पाच तऱ्हांनी.

मला एका पातेल्यातलं जेवण मान्य आहे. ते आपल्याकडे आहेही. हुलग्याची शेंगोळी घ्या. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून घालायची, मीठ-हळद, घट्ट मळायचं. फोडणीचं पाणी उकळत ठेवायचं. हाताला तेलाचं बोट लावून पिठाच्या लहान वळ्या वळायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. वळ्या शिजतात तसा रस आपोआप दाट होतो. हुलग्यात डाळींच्या बरोबरीनं प्रथिनं आहेत, तेल चमचाभर लागतं, भांडं एकच खरकटं होतं. वळायला वेळ लागतो, आणि इथेच सगळ्या घराची गरज आहे. वळी वळणं सात वर्षांच्या मुलाला येतं. नवऱ्यालाही येतं. टीव्ही बघताना दोन्ही हात मोकळे असतात. ‘साधंच कर’ म्हणणाऱ्यानं परातीजवळ बसावं आणि वळावं, एवढी माझी मागणी आहे. ऑक्टोबरअखेर रात्री जरा उतरल्या की आमच्या घरी शेंगोळी होते आणि ती सगळ्यांनी मिळून वळलेली असते. त्याशिवाय मी पीठ मळत नाही.

तसंच गरगट्टं. तांदुळजा, पालक, शेपूच्या दोन काड्या, मूठभर तुरीची किंवा मुगाची डाळ, दाणे, हिरवी मिरची, सगळं कुकरला एकत्र लावायचं, रवीनं घोटायचं, वरून लसणाची फोडणी. धाकट्याला पान दिसत नाही म्हणून तो खातो. नवा मूग ऑगस्ट-सप्टेंबरात निघालेला असतो, ओल्या भुईमुगाच्या शेंगा बाजारात असतात, त्या मीठ घालून उकडल्या की मुलं दारातच संपवतात. सीताफळाचे दिवस असतात. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी काढलेलं ‘एनएमके-1 गोल्डन’ देशभर लावलं गेलं, आणि आमच्या घरी मात्र टीव्हीवरची जाहिरात पाहून किवी मागितली जाते. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. फळ शोधायला लांब जायची गरज कोणालाच नाही.

‘चवीनुसार मीठ’ या दोन शब्दांवरही माझा आक्षेप आहे. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्यांचं माप देऊन नवख्या मुलींचा हात धरला. पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि पौष्टिक म्हणवणाऱ्या कृतीत मीठ अजून ‘चवीनुसार’ आणि तेल ‘आवश्यकतेनुसार’. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, लोणचं, पापड, शेवचिवडा सगळं धरून. पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा 40 दिवस पुरला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दिवसाच्या ताटात 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे आमच्या घराला महिन्याला साधारण चार किलो. पुड्यावर आणल्याची तारीख पेनानं लिहून ठेवा, हिशेब आपोआप कळतो. मोजणं इतकं सोपं असताना कोणी सांगत नाही, आणि वर सोलापुरी कालवणावर बोटभर तर्री नसली तर ‘आज आमटीला रंग नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं.

हे सगळं मी इतकं मनाला लावून का घेते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के आणि 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे भाजी निवडणारी निम्म्याहून जास्त वेळा स्वतःच रक्तानं कमी असते. तिच्यासाठी पालेभाजी, हुलगा, मूग ही दिखाऊ पथ्यं नाहीत. आणि ती सगळ्यात शेवटी जेवते, तेव्हा पातेल्यात रस असतो, भाजी नसते. वाढताना आधी तिची वाटी बाजूला काढायची, ही एवढी गोष्ट आत्यांनी आमच्या घरात सुरू केली. मला त्यांच्याविषयी या बाबतीत फार आदर आहे.

राहिलं एक. जेवणावर लगेच चहा. पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं आणि चहा आड येतो, चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. तासभर निवडलेली, तीन पाण्यांतून काढलेली, चिरलेली, घोटलेली भाजी पोटात गेली, लिंबाची फोड पिळली, आणि हात धुतले न धुतले तोच ‘चहा टाक गं जरा’. मी दिवसभर केलेलं काम त्या कपात बुडतं. पाहुणा आला तरी, पंढरपूरहून परतणारे वारकरी नातेवाईक दमून टेकले तरी, जेवण आणि चहा यांत तासाचं अंतर हवं. त्या तासात कोणाला काही हवंच असेल तर घडवंचीवर गडूत पाणी आहे, ताटात डाळिंब सोलून ठेवलं आहे, आणि उद्याच्या भाजीची जुडी पिशवीत तशीच पडली आहे. ती निवडायला घ्यावी.